बडीशेपेखाली

सूरसागरच्या मागच्या गल्लीत आमचं थाळीचं हॉटेल.
एकवीस वर्षं मी इथे फुलके वाढतोय.
नोटेला वास लागतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल.
दहाची नोट बडीशेपेच्या वाटीखाली
पाच मिनिटं राहिली
तरी रात्री खिशातून गोडसर निघते.
बायको वासावरून सांगायची
आज गर्दी कशी होती ते.

गल्ल्यापाशी डालड्याचा डबा होता,
झाकणाला सुरीनं पाडलेली चीर.
ज्याच्या टेबलावर जे सुटेल ते त्यात.
साडेअकराला शटर अर्धं ओढून
मी पेपर पसरायचो, वाटे घालायचो.
भंवर महाराजाचे दोन, तो आगीपाशी उभा राहतो म्हणून.
आम्हा चौघा वाढप्यांचा एकेक.
आणि एक रायसिंग राठवाचा, मोरीवरच्या.
गिऱ्हाईकाचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही,
ताटं पाहिली:
कारलं कोणाला गेलं नाही,
कोणत्या म्हातारीनं पुरणपोळीची कड तेवढी ठेवली.
छोटाउदेपूरकडे त्याची मुलगी
त्या वाट्यावर नववीपर्यंत पोचली,
असं तो म्हणायचा.
मी हिशेब मागितला नाही.

मग गल्ल्यावर ते खोकं आलं.
मनहरभाईंच्या खात्यात पैसे पडले
की त्यातली बाई गुजरातीत ओरडते, इतके मिळाले.
लोक उठतात, फोन दाखवतात,
बडीशेप तोंडात टाकतात, जातात.
वाईट नाहीत हो. सुटे नाहीत त्यांच्याकडे.
परवा रविवारचे एक जुने काका
चारही खिसे चाचपून म्हणाले,
"निंबाळकर, एक नोट नाही बघ माझ्याजवळ,"
आणि खरंच ओशाळले.
मीच म्हणालो, राहू द्या.
राहू द्या, राहू द्या.
जिभेला वळणच पडलंय.

डबा वाजेनासा झाला.
कोणीतरी त्यात दातकोरण्या भरल्या.

कल्पेशनं गळ्यातल्या ओळखपत्रामागे
स्वतःचा कोड चिकटवला.
बिल ठेवायला वाकला की कार्ड उलटं होतं,
आपोआप झाल्यासारखं.
त्याला पन्नास येतात, कधी शंभर.
वाटणीचं काढलं तर म्हणाला,
"काका, हे मला दिलेत. माझं नाव वाचून दिलेत."
खरं आहे.
डब्याला नाव नव्हतं.

मग मीही चिकटवला.
पोरीनं छापून आणला, कातरीनं कडा नीट केल्या.
पहिल्याच दुपारी मांडीपाशी फोन थरथरला:
साठ रुपये, पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.
मी कढीचं रिकामं पातेलं घेऊन मोरीकडे गेलो.
रायसिंग कोपरापर्यंत फेसात.
"आजे कंई?" त्यानं विचारलं.
रोज विचारतो, किती वाजले विचारावं तसं.
"कंई नथी," मी म्हणालो.
मला वाटलं होतं,
आपल्या भाषेत नाही म्हटल्यावर लागणार नाही.
त्यानं मान हलवली,
पातेलं माझ्या हातून घेतलं,
वर म्हणाला, आज कढी सगळ्यांना आवडली.

साठाचे सात वाटे.
साडेआठ, आणि वर थोडे पैसे
जे आता कुठल्या दुकानात चालत नाहीत.
एवढ्यासाठी.

रायसिंगकडे बटणांचा फोन आहे.
त्याला पाठवणार कसे?
रात्री कोपऱ्यावरच्या पानवाल्याला साठ पाठवले,
म्हटलं रोख दे.
त्यानं दोन कापून अठ्ठावन्न दिले.

तीन दिवस झाले, खिशातच आहेत.
रोज मोरीपर्यंत जातात
आणि परत येतात.

आज सदरा भिजवायला घेताना
बायकोनं नोटा काढल्या, नाकाशी धरल्या.
म्हणाली, "ह्या हॉटेलातल्या नाहीत.
काताचा वास येतोय.
कोणाच्या आहेत?"